अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि अंडं: खाऊ की सोडू?

गुहागरची_मास्तरीण

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसतं वाचतेय, आज विचारायची वेळ आली.

मी गुहागर तालुक्यात एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. वय ३६. पोटात मुरडा, आव, मग रक्त. गावात सगळ्यांनी आमांश ठरवला. गोळ्या झाल्या, कुड्याच्या सालीचा काढा झाला, गुण काही येईना. शेवटी कुंभार्ली घाट चढून कराड गाठलं. तिथे कोलोनोस्कोपीत (दुर्बिणीने आतडं बघतात ती तपासणी) अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा, माझ्या डाव्या बाजूला. आतड्याची सूज उतरवणारं मेसालामाइन चालू आहे. स्टेरॉइड कमी करत आणलं की त्रास उलटायचा, म्हणून आता ॲझाथायोप्रिनही दिलंय. वजन ४४ किलो, हिमोग्लोबिन ९.२, त्यासाठी लोहाच्या गोळ्या.

प्रश्न अंड्याचा आहे. सासूबाईंच्या खुराड्यात गावठी कोंबड्या आहेत आणि "पोरीच्या अंगात रक्त नाय" म्हणून त्या सकाळी सकाळी दुधात कच्चं अंडं फेटून माझ्यासमोर पेला धरून उभ्या राहतात. चुलतसासूबाई ओरडतात की अंडं उष्ण, आधीच आतडं पेटलंय त्यात आणखी जाळ कशाला. जाऊबाईंचा भाऊ मुंबईहून व्हिडिओ पाठवतो की ऑटोइम्यून (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या) आजारात पहिलं अंडं बंद. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले "सोसेल ते खा", तेवढ्यात पुढचा पेशंट आत आला.

सोसतंय हे ओळखायचं कसं? एका रविवारी ऑम्लेट-पाव खाल्लं आणि सोमवारी परिपाठाच्या वेळी मला वर्ग सोडून पळावं लागलं, रक्तही दिसलं. पुढच्या आठवड्यात पेजेबरोबर उकडलेलं अंडं खाल्लं तर काहीच नाही. मग अंडं चांगलं की वाईट? गावठी आणि पोल्ट्रीच्या अंड्यात फरक पडतो का? पिवळं काढून खाऊ का? आणि तो दुधाचा पेला कसा टाळू, तेही सांगा. सासूबाई मनाने फार चांगल्या आहेत, त्यांना दुखवायचं नाहीये.

वाटपवाला_तारकर्ली

बाय, मी डॉक्टर नाही, खानावळवाला. तारकर्लीला पर्यटकांना जेवू घालतो आणि हाच आजार घेऊन जगतो, तू कॉलेजात असशील तेव्हापासून. तपासणीला बांबोळीला गोव्याच्या मेडिकल कॉलेजात जातो. औषधाचं मी काही सांगणार नाही. चुलीवरचं सांगतो.

अंड्याला नावं ठेवण्याआधी त्या रविवारी ताटात आणखी कोण कोण होतं ते आठव. ऑम्लेटात अर्धाकच्चा कांदा असणारच. हिरवी मिरची असणार. वर तेल, सोबत मैद्याचा पाव, आणि आपल्याकडे ऑम्लेट-पाव एकट्याने कधी पोटात जात नाही, मागून चहा येतो. एवढ्या गर्दीत अंड्यालाच का पकडलंस? कांदा माझ्याही आतड्याचा वैरी आहे. पुढच्या आठवड्यातलं तुझं उकडलेलं अंडं एकटं होतं, सोबत नुसती पेज. उत्तर तूच लिहून ठेवलंयस.

आता मी काय करतो ते ऐक. खानावळीत अंड्याचं सांबारं होतं त्यात सुकं खोबरं आणि कांदा काळपट होईस्तोवर भाजून वाटप, धणे, बडीशेप, दगडफूल, वर मालवणी मसाला. पाहुणे बोटं चाटतात. त्यातला एक चमचा मी चव बघण्यापुरता जिभेवर ठेवतो, बस. माझं टोप वेगळं. ओल्या खोबऱ्याचा पातळ रस (दाट नको, दाट रसात तेल फार), जिरं वाटून, चिमूट हळद, दोन आमसुलं, मीठ. मंद आचेवर कढ येऊ न देता गरम करायचं नि त्यात उकडलेली अंडी आख्खी सोडायची. मिरची नाही, कांदा नाही, लसूण नाही. बायको म्हणते हे सांबारं नव्हे, हे बारशाचं जेवण. म्हणू दे. मऊ भातावर छान लागतं.

पण हे सगळं आतडं शांत असताना. रक्त पडत असलं की ते टोपही बंद. तेव्हा उकड्या तांदळाची पेज, मीठ, आणि पूर्ण उकडलेलं एक अंडं त्यातच कुस्करून. भाज्या, कोशिंबिरी, कडधान्यं अंगाला लागत नाहीत त्या दिवसांत अंडं माझ्या कामी आलंय, कारण त्यात चोथा अजिबात नाही.

उष्णाचं म्हणशील तर मी आईचं बरंच मानत आलो. पण माझं पोट मे महिन्यात बिघडलं तेव्हा गावाने हापूसला दोष दिला, पावसात बिघडलं तेव्हा अंड्याला. दोन्ही वेळेला कंबरेसाठी मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या चालू होत्या, त्यांचं नाव कुणी काढलं नाही. ते बांबोळीच्या डॉक्टरीणबाईंनी काढलं. त्या गोळ्यांनी हा आजार उठतो. तू डोकेदुखीला काय घेतेस ते बघ आणि डॉक्टरांना विचार.

गावठी की पोल्ट्री, आतड्याला काही कळत नाही. गावठीचा बलक गडद असतो तो कोंबडी काय टिपते त्यावर. आकाराने लहान, एवढंच लक्षात ठेव. मात्र खुराड्यातल्या अंड्याला विष्ठा लागलेली असते. तडकलेलं घेऊ नको, शिजवायच्या आधी धू, आणि धुतल्यावर स्वतःचे हातही धू.

चिपळूणचा_क्रोन्स

ताई, माझा आजार वेगळा, क्रोन्स. यात सूज लहान आतड्यातही येते. लहान आतड्याचं शेवटचं टोक ऑपरेशनमध्ये काढलंय. इथे दोन्ही आजारांचे सल्ले एकाच पातेल्यात पडतात म्हणून लिहितोय.

बी-१२ जीवनसत्त्व त्या शेवटच्या टोकालाच शोषलं जातं. त्यामुळे अंडी कितीही खाल्ली तरी मला इंजेक्शन चुकत नाही. शिवाय पित्तही तिथेच परत शोषलं जातं. ते टोक नसल्यामुळे पित्त मोठ्या आतड्यात उतरतं नि जुलाब होतात, तेलकट खाल्लं की जास्तच. माझ्यासाठी दोन अंड्यांचं तळलेलं ऑम्लेट म्हणजे दुपार संडासात. एक उकडलेलं चालतं. बलकाला माझा विरोध नाही, पण मी तो जपून खातो.

तुमच्या कोलायटिसमध्ये लहान आतडं शाबूत असतं आणि अंडं पचतं, शोषलं जातं ते तिथेच. म्हणजे "पिवळं काढ" हा माझ्यासारख्याला मिळालेला सल्ला तुम्ही उचलायचं कारण नाही.

पानात_काय_कुडाळ

मी आहारतज्ज्ञ आहे, कुडाळला बसते. वाटपवाल्या काकांनी निम्मं काम केलंय, मी राहिलेलं करते.

आधी दुधातल्या कच्च्या अंड्याचं, कारण घाई तिथे आहे. ताई, तो पेला आजपासून बंद. ॲझाथायोप्रिन प्रतिकारशक्ती दाबतं. कच्च्या अंड्यात साल्मोनेला हा जुलाबाचा जंतू असला तर धडधाकट माणसाला चार दिवसांचा त्रास होईल, तुम्हाला तो महागात पडू शकतो. शिवाय अशा जंतुसंसर्गाचे जुलाब आणि तुमच्या आजाराचे जुलाब वरून सारखेच दिसतात. मग स्टेरॉइड वाढवायचं की अँटिबायोटिक द्यायचं हा घोळ. कोकणात पावसाळ्यात विहिरींचं पाणी गढूळ झालं की हे हमखास होतं. तेव्हा अचानक बिघडलं तर आधी शौचाची तपासणी करून घ्या.

सासूबाईंना पटेल अशी गोष्ट सांगते. १९९८ साली बेल्जियममध्ये एक प्रयोग झाला. ज्यांचं लहान आतडं ऑपरेशनने पोटावर बाहेर काढून पिशवी लावलेली असते अशा लोकांना कच्चं आणि शिजवलेलं अंडं देऊन, किती प्रथिन पचलं ते त्या पिशवीत उतरलेल्यावरून मोजलं. शिजवलेल्या अंड्यातलं सुमारे ९१ टक्के पचलं, कच्च्यातलं जेमतेम ५१ टक्के. म्हणजे सासूबाई रोज एक अंडं फेटतात त्यातलं जवळजवळ अर्धं वाया जातं. त्यांना सांगा, "आई, तुमच्या कोंबडीची मेहनत फुकट जाते." डॉक्टरचं नाव घेण्यापेक्षा हे लवकर लागू पडतं, माझा अनुभव आहे.

तुम्हाला प्रथिनांची गरज खरीच आहे. आजार जागा असताना किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम धरतात. ४४ किलोला ५३ ते ६६ ग्रॅम झाले. पोल्ट्रीच्या एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम. दोन अंड्यांनी सगळं भागणार नाही, पण पेज आणि मऊ भातावर दिवस काढणाऱ्या बाईला ते १२ ग्रॅम मोठे आहेत.

रक्त वाढावं म्हणून मात्र अंडं नको. त्यात लोह एक मिलिग्रॅमच्या आसपास, आणि बलकातलं फॉस्विटिन नावाचं प्रथिन ते घट्ट धरून ठेवतं. अंड्याबरोबर घेतलेल्या लोहाचंही शोषण त्याने घटतं. तेव्हा लोहाची गोळी आणि अंडं यांत दोन-तीन तास जाऊ देत. चहाचंही तेच. गोळीने पोट ढवळत असेल तर शिरेतून लोह देतात, तेही विचारून बघा. या आजारात ते बऱ्याचदा बरं पडतं.

अंड्याच्या विरोधात काही नाहीच असं नाही. २००४ साली इंग्लंडमध्ये कोलायटिस शांत असलेल्या १९१ रुग्णांवर वर्षभर नजर ठेवली. लाल आणि प्रक्रिया केलेलं मांस, दारू आणि गंधकयुक्त आहार जास्त असणाऱ्यांत आजार उलटण्याचं प्रमाण जास्त निघालं. अंड्यात गंधक आहे, तो उग्र वास त्याचाच. म्हणून मी कोलायटिसवाल्यांना दिवसाला चार-पाच अंडी खाऊ देत नाही. उलट २०१९ साली क्रोन्स झालेल्या मुलांवर जो आहार यशस्वी ठरला, त्यात रोज दोन अंडी खायलाच सांगितली होती. तो क्रोन्सचा होता, तुमचा नव्हे. पण "ऑटोइम्यून म्हणजे अंडं बंद" हे सरसकट वाक्य खरं नाही, एवढं त्यातून कळतं.

आणखी एक. रविवारी रात्री खाल्लेलं सोमवारी सकाळी "बाहेर आलं" असं आपण धरून चालतो. जेवणाला शेवटच्या टोकापर्यंत पोचायला सहसा दिवसभर तरी लागतो, पुष्कळदा जास्तच. जेवल्याबरोबर येणारा मुरडा बहुधा आतडं हलायला लागल्याचा असतो, त्या जेवणाच्या दोषाचा नव्हे. वहीत लिहाल तेव्हा शनिवारचंही लिहा.

मुरूडचा_खलाशी

सगळे अंड्याच्या बाजूने बोलताहेत म्हणून दुसरी बाजू. मला कोलायटिस आहे आणि मला अंडं चालत नाही. विषय संपला.

मी ऑटोइम्यून प्रोटोकॉल केला. धान्य, डाळी, दूध, अंडी, सुका मेवा, मिरची, टोमॅटो, बटाटा सगळं बंद. कोकणी माणसाला भात बंद म्हणजे काय ते समजा. मासे आणि नारळ चालतात म्हणून तगलो. २०१७ साली अमेरिकेत १५ रुग्णांवर हा आहार करून बघितला, सहाव्या आठवड्यात ११ जणांचा आजार शांत झाला होता. मग मी एकेक पदार्थ परत आणला. भात आला, काही झालं नाही. बलक आला, काही झालं नाही. पांढरं आणलं की दर वेळेला पोट फुगून मुरडा. आधी रक्ताची तपासणीही केली होती, दोनशे पदार्थांची, त्यात अंडं लाल रंगात आलं होतं. तेव्हा ताई, "अंडं निर्दोष" असं डोळे झाकून मानू नका.

पानात_काय_कुडाळ

खलाशीदादा, तुमचं पांढरं बंद राहू द्या, त्यावर मी वाद घालणार नाही. तुम्ही बाकी काही न बदलता एकच गोष्ट परत आणून बघितलीत, हीच खरी रीत. पण त्या १५ जणांच्या अभ्यासात तुलनेला दुसरा गट नव्हता आणि त्यांतले बरेच जण औषधंही घेत होते. कशाने गुण आला आणि त्यात अंड्याचा वाटा किती, हे त्यातून वेगळं काढता येत नाही.

दोनशे पदार्थांच्या त्या तपासणीत बहुधा आयजीजी (रक्तातली एक प्रकारची प्रतिपिंडं) मोजतात. आपण जे नेहमी खातो त्याचं आयजीजी शरीरात असतंच. ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटना या तपासणीवरून पदार्थ बंद करू नका असंच सांगतात. माझ्याकडे अशी यादी घेऊन आलेल्या एका मुलाचं वजन इतकं उतरलं होतं की आजारापेक्षा त्या यादीनेच त्याला जास्त खाल्लं होतं. खरी अंड्याची ॲलर्जी निराळी. अंगावर गांधी, ओठ सुजणं, श्वास लागणं, तेही बहुतेक वेळा तासा-दोन तासांत. तसं झालं तर प्रयोग करत बसायचं नाही, तडक दवाखाना.

वाटपवाला_तारकर्ली

खलाश्या, भात सोडून जगलास? तुका नमस्कार. माका तर एक दिवस जमूचा नाय.

गुहागरची_मास्तरीण

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितेय, मधे शाळेत बदल्यांची गडबड होती.

कोंबडीच्या मेहनतीचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. सासूबाई गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "अर्धा फुकट जाता? आधी सांगायचं नाय?" पेला बंद. आता त्याच अंडं उकडून, सोलून, मीठ लावून देतात आणि मी संपवेपर्यंत तिथून हलत नाहीत.

कराडच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी अंड्यावर काहीच म्हटलं नाही, आधी शौचाची कॅल्प्रोटेक्टिन तपासणी सांगितली. ४१० आलं. त्यांचं म्हणणं, ५० च्या आत हवं, २५० च्या वर म्हणजे सूज जागी आहे. रात्रीचा औषधाचा एनिमा (गुदद्वारातून घ्यायचा) परत सुरू केलाय. म्हणजे त्या सोमवारचं रक्त ऑम्लेट नसतं तरी आलं असतं, असं आता वाटतंय. वहीत मागची पानं बघितली तर आधीचा शुक्रवार-शनिवारही धड नव्हता.

उकडलेलं अंडं एक दिवसाआड खातेय, सोबत मऊ भात किंवा पेज. त्रास नाही. रोज खाल्लं तर वासाचा वारा सरतो, वर्गात पंचाईत होते. लोहाची गोळी आता झोपताना घेते.

आता नवीन अडचण. श्रावण तोंडावर आलाय. आमच्या घरात श्रावणभर अंडं आत येत नाही, पुढे गणपती होईपर्यंतही नाही. माझं वजन आत्ता कुठे ४५ च्या पुढे सरकलंय. आणि काका, उकडलेल्याचा कंटाळा आलाय, दुसरं काही आहे का?

पानात_काय_कुडाळ

वजन सरकलं हे छान. पण ४१० वर असताना दीड महिना अंडं, मासे दोन्ही बंद आणि जागी काहीच नाही, हे मला चालणार नाही. सालं काढलेल्या मूगडाळीचं घोटून वरण दोन्ही वेळा ठेवा. दही सोसत असेल तर ताजं, वाटीभर. दुधाने गुबारा धरत असेल तर पनीर थोडंसं करून बघा, त्यात दुधातली साखर बरीच कमी असते. कडधान्यांच्या उसळी आत्ता नकोत, घरात उपासाचे शेंगदाणे आणि साबुदाण्याची खिचडी रोज होईल त्यापासूनही लांब राहा. एवढ्याने ५३ ग्रॅम भरत नसतील तर डॉक्टरांना विचारून प्रथिनांची पावडर पेजेत मिसळता येते. वजन दर रविवारी त्याच काट्यावर करा. दीड-दोन किलोने उतरलं तर देवाधर्माचं घरात बसून बोलायला लागेल.

गुहागरची_मास्तरीण

बोलले. सासूबाईंनी चुलतसासूबाईंच्या देखत निकाल दिला की औषधाला सोवळं-ओवळं नसतं. अंडं पडवीत, वेगळ्या टोपात, वेगळ्या शेगडीवर. सोमवार, शनिवार सोडून. गणपतीचे दिवस मात्र नाही, ते मीच म्हटलं.

वाटपवाला_तारकर्ली

मग टोप लहान घे. पडवीत वारा लागतो, मोठ्या टोपात पाणी तापायलाच वेळ जातो. पाणी उकळल्यावर गावठी अंडं दहा मिनिटं ठेव, बलक मधोमध ओला दिसता नये.

कंटाळ्यावर उपाय सांगतो. एक अंडं फोड, मीठ, चिमूट हळद, वाटलेलं जिरं, दोन चमचे तांदळाचं पीठ आणि पाणी घालून पातळसर फेट. बिड्याच्या तव्यावर अर्धा चमचा तूप, पोळा पसर, वर झाकण ठेव. कडा सुटल्या की उलट. दोन्ही बाजूंनी पूर्ण शिजायला हवा, मधे ओलसर नको. कोथिंबीर घालायचीच तर नुसती पानं, देठ नको. याला पाव लागत नाही, पीठ आतच आहे. खलाश्या, तू नुसत्या बलकाचा करून बघ, दोन बलक घे, जमतो.

आणि बाय, एनिमा संपल्यावर तपासणी परत करतील. आकडा आला की इथे टाक.